पेजमेकरसाठी विंडोज, बाकीला मिंट

माझा लॅपटॉप २०१७ सालचा. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. अजून ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्याच्यावर बसत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सरळ विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकून मोकळं व्हावं, तर माझं पोट डीटीपीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडण्यावर. वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या विंडोज-प्रोग्रॅममध्ये, श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉण्टांत पडल्या आहेत. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत, रुळण्याआधीचा मामला. तो फॉण्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. म्हणून ठरवलं, पेजमेकरपुरतं विंडोज ठेवायचं, तेही नेट न जोडता. मेल, बँक, बाकी सगळं त्याच मशीनवर लिनक्सच्या मिंट २२ या अवतारात.

पुण्याला भाचा आहे, त्याला फोन केला. पहिला प्रश्न, “मामा, बॅकअप घेतलास ना?” घेतला नव्हता. तो दिवस त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी सी ड्राइव्हचं बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, बंद केलं. नाहीतर बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगांत, हात घातला की ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतं.

मग मिंटसाठी जागा. सी ड्राइव्हमध्ये १३० जीबी रिकामे दिसत होते, आणि डिस्क मॅनेजमेंटमधलं ‘श्रिंक व्हॉल्यूम’ म्हणालं, ११ जीबी देतो! कारण नंतर कळलं. ड्राइव्हच्या शेवटाकडे काही फाइली अशा ठाण मांडून बसतात, की चालू विंडोजला त्या हलवता येत नाहीत. हायबरनेशनची (मशीन झोपवताना चालू काम साठवणारी), पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची), सिस्टम रिस्टोरचा साठा. वाटणीत शेत मोठं दिसावं आणि नेमकी विहीर बांधावर निघावी, तसं. तिन्ही तात्पुरतं बंद केलं, रीस्टार्ट केला, तर ७० जीबी सुटले. त्यातले ६० घेतले. पेजफाइल आणि रिस्टोर नंतर पुन्हा चालू केलं, हायबरनेशन मात्र कायमचं बंद ठेवलं. त्याच्याबरोबर विंडोज झटपट उठवणारं फास्ट स्टार्टअपही बंद होतं, आणि ते व्हायलाच हवं. ते चालू असलं तर शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं, आणि मग मिंटमधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

रुफस या प्रोग्रॅमने मिंटचा पेनड्राइव्ह तयार केला. मिंट त्यावरून झकास चालू झालं, वायफाय, आवाज, सगळं. इन्स्टॉल दाबलं, तर डिस्कच दिसेना. फक्त पेनड्राइव्ह. एसएसडी गेली की काय, म्हणून घाम फुटला.

गेली नव्हती. बायोसमध्ये साटाचा मोड, म्हणजे मशीन डिस्कशी कसं बोलतं ती सेटिंग, ‘रेड’वर होता, तिथे मिंटला ती दिसत नव्हती, एएचसीआय हा दुसरा मोड हवा होता. मी शहाणपणा करून थेट बदललं आणि विंडोज निळ्या पडद्यावर जाऊन आपटलं. परत ‘रेड’ केल्यावर उठलं. रात्री अकराला भाच्याला पुन्हा फोन.

“मामा, तुला कुणी सांगितलं होतं थेट बदलायला? आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग सेटिंगमध्ये सेफ बूटवर टिक कर, म्हणजे ते मोजक्याच गोष्टींवर उठेल. रीस्टार्ट करून लगेच बायोसमध्ये जा, मोड बदल. विंडोज सेफ मोडमध्ये उठलं की स्वतःच नवा ड्रायव्हर घेईल. मग टिक काढ.”

तसंच झालं. एवढंच की सेफ मोडने माझा पिन घेतला नाही, खरा पासवर्ड मागितला. तो आठवायला पंधरा मिनिटं गेली.

यानंतरचं इन्स्टॉलेशन अर्ध्या तासाचं. ‘समथिंग एल्स’ हा जागा स्वतः ठरवायचा पर्याय निवडून मोकळ्या ६० जीबीत मिंट टाकलं. १०० एमबीचं छोटं ईएफआय पार्टिशन दिसतं, त्याला फॉरमॅटची टिक चुकूनही लावायची नाही. विंडोज सुरू करून देणाऱ्या फाइली त्यातच असतात. मिंटचा ग्रब, म्हणजे सुरुवातीला कुठली प्रणाली हवी ते विचारणारा मेनू, त्यांच्याच शेजारी जाऊन बसतो.

दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता विंडोज उघडलं, तर घड्याळात दुपारचे साडेतीन. बरोबर साडेपाच तासांचा फरक, म्हणजे भारतीय वेळ आणि ग्रिनिच वेळ यांच्यातला. मिंट मशीनच्या आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितं, विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये एका ओळीची कमांड देऊन त्यालाही इथलीच वेळ ठेवायला लावलं. विंडोजला नेट नाही, त्यामुळे ते स्वतःहून वेळ दुरुस्त करून घेणार नव्हतंच.

आता मशीन चालू केलं की मेनू येतो, दहा सेकंद थांबतो आणि मिंटमध्ये जातो. पत्रिकेचं गिऱ्हाईक आलं की खालच्या बाणाने विंडोज. काल एक जण २०११ सालची पत्रिका घेऊन आला होता, तशीच धाकट्याची हवी म्हणून. फाइल उघडली, नावं आणि मुहूर्त बदलला, पीडीएफ काढली.