अपडेट: चौथा मॉनिटर लागला, अडॅप्टर मात्र दोनच

माझ्या पीसी सेटअपच्या मागच्या अपडेटला टेबल आणि वरच्या फळीपर्यंत आलो होतो, आता डिस्प्लेचं काम एकदाचं मार्गी लागलंय. सेटअप असा, मधे २७ इंची १४४० पी १४४ हर्ट्झ, उजवीकडे २४ इंची साधा १०८० पी, डावीकडे एका मित्राने त्याच्या ऑफिसच्या भंगारातून वाचवलेला १९२० बाय १२०० चा जुना आयपीएस पॅनेलवाला (आयपीएस म्हणजे कोनातूनही रंग नीट दिसणारा प्रकार, पॅनेल अजून झकास आहे बरं का), आणि वर फळीवर १९ इंची चौकोनी डबडं, १२८० बाय १०२४, ज्याला व्हीजीए, म्हणजे जुनं ॲनालॉग कनेक्शन, सोडून दुसरं काही माहीतच नाही. ग्राफिक्स कार्डावर तीन डिस्प्लेपोर्ट (डीपी), एक एचडीएमआय. म्हणजे पोर्ट चार, मॉनिटर चार, पण जुळतायत कुठे.

माझा हिशोब सरळ आहे, ज्या मॉनिटरची भूक जास्त त्याला थेट केबल आणि ज्याला काही फरक पडत नाही त्याच्या माथी अडॅप्टर. २७ वाल्याला डीपी ते डीपी, विषय संपला, १४४ हर्ट्झ हवेत तर मधे काही नको. २४ इंचीला एचडीएमआय थेट. राहिले दोन डीपी पोर्ट आणि दोन म्हातारे मॉनिटर, खरी गंमत इथे आहे.

आयपीएसला डीव्हीआय-डी (जुनं डिजिटल कनेक्शन) आहे. त्यासाठी साधा पॅसिव्ह, म्हणजे आत सिग्नल बदलणारी चिप नसलेला, डीपी ते डीव्हीआय अडॅप्टर घेतला, स्वस्तातला, आणि तो पुरतो कारण इथे अडॅप्टर फारसं काही करतच नाही. कार्डाचा पोर्ट ड्युअल मोडचा असला, ज्याला डीपी प्लस प्लस म्हणतात, की पॅसिव्ह तुकडा लावल्यावर कार्ड स्वतःच डीव्हीआयचा सिग्नल सोडायला लागतं, तुकडा फक्त व्होल्टेजची पातळी जुळवून देतो. साध्या पॅसिव्ह तुकड्याची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग), आणि १९२० बाय १२०० ला ६० हर्ट्झवर रिड्यूस्ड ब्लँकिंग (ओळींमधला रिकामा वेळ कमी करून) धरून १५४ लागतात, म्हणजे काठावर पण बसतं. तुमचा जुना मॉनिटर २५६० बाय १६०० वाला असेल तर मात्र हा तुकडा नको, त्याला ड्युअल लिंक (दुप्पट वायरींचं) डीव्हीआय लागतं आणि त्याचा ॲक्टिव्ह, म्हणजे आत चिप असलेला, अडॅप्टर वेगळा येतो, यूएसबीतून पॉवर घेणारा, महागडा. कार्ड फारच जुनं, म्हणजे २००९ च्या सुमाराचं रेडिऑन एचडी ५००० मालिकेतलं वगैरे असेल तर तिथेही जपून, त्यात असे डीव्हीआय-एचडीएमआयचे सिग्नल एका वेळी दोनच निघतात, तिसऱ्याला ॲक्टिव्हच हवा. आणि दिशा बघून घ्या राव! डीपी ते एचडीएमआय केबल उलटी लावून चालत नाही, कार्डाकडून एचडीएमआय आणि मॉनिटरला डीपी असं असेल तर तो अडॅप्टर पूर्ण वेगळा.

व्हीजीएसाठी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. डीपी टू व्हीजीए मागितला तर दुकानदार म्हणाला, "साहेब, त्यापेक्षा एचडीएमआय स्प्लिटर न्या की, एका पोर्टावर दोन स्क्रीन." म्हटलं, "दादा, दोन्हींवर वेगवेगळं चित्र येईल?" "वेगळं कसं येईल, सेमच येणार." मग काय उपयोग. टीव्हीच्या दुकानात भिंतभर एकच मॅच दाखवायची असेल तर स्प्लिटर बेस्ट, आपल्याला नाही.

एचडीएमआय ते व्हीजीए तसा जास्त दुकानांत मिळतो पण मी मुद्दाम डीपीवाला घेतला. डिजिटलचं ॲनालॉग करायचं म्हणजे आत चिप हवी आणि चिपला करंट हवा. एचडीएमआय पोर्टाने ५ व्होल्टवर ५५ मिलिअँपिअर दिले तरी नियमात बसतं, म्हणून त्या अडॅप्टरांना बाजूला मायक्रो यूएसबीचं भोक असतं. डीपीच्या २० नंबरच्या पिनवर ३.३ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर मिळतात, त्यात चिप आरामात चालते, वेगळी वायर नाही. पण हीच २० नंबरची पिन डीपी ते डीपी केबलमध्ये जोडलेली असता कामा नये, काही स्वस्त केबलींमध्ये ती जोडलेली असते आणि मग मॉनिटरकडून कार्डात उलटी पॉवर शिरते, पीसी बंद केला तरी अर्धवट जिवंत राहतो किंवा बूटच होत नाही. २७ इंचीची केबल त्यामुळे बॉक्समधली ओरिजिनलच ठेवलीये.

डबड्याला लावल्यावर आधी १०२४ बाय ७६८ च आलं. अडॅप्टर चांगला होता, व्हीजीए केबल दरिद्री होती, तिच्या टोकाला १२ आणि १५ नंबरच्या पिनाच नव्हत्या आणि मॉनिटर स्वतःची माहिती त्याच दोन पिनांवरून सांगतो. जाड केबल टाकली, ऑटो ॲडजस्टचं बटण दाबलं, अक्षरं जागेवर. तिथे फक्त टेंपरेचर आणि चॅट असतं, थोडं मऊ दिसलं तरी चालतंय.

आता सवयीचे प्रश्न. डीपीवरचा मॉनिटर बटणाने बंद केला की विंडोजला वाटतं तो काढूनच नेला आणि सगळ्या विंडो शेजारच्या स्क्रीनवर गोळा होतात. विंडोज ११ मध्ये डिस्प्ले सेटिंगमधे मल्टिपल डिस्प्लेखाली विंडोंची जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. गुरुवारी लाइट जाऊन आली तेव्हा यूपीएसवर फक्त पीसी होता, मॉनिटर चारही गेले, परत आले तेव्हा सगळं जिथल्या तिथे. अजून एक, २७ वाला १४४ वर आणि बाकीचे ६० वर असताना कार्डाची मेमरी काही काम नसतानाही पूर्ण क्लॉकवर पळत होती, १२० केलं तर शांत झाली. उन्हाळ्यात हा फरक हाताला जाणवतो.

पाचवा लावायचा का असं कोणी विचारेलच, तर कार्ड चारच डिस्प्ले चालवतं, एमएसटी हब (एका डीपीवर अनेक मॉनिटर जोडायची डबी) लावला तरी ही मर्यादा वाढत नाही, हब फक्त एका पोर्टाचे फाटे करतो. मदरबोर्डवरचा एचडीएमआय बायोसमधून चालू करता येतो पण माझ्या प्रोसेसरच्या नावामागे एफ आहे, त्यात ग्राफिक्सच नाही. राहिला डिस्प्लेलिंकवाला यूएसबी अडॅप्टर, त्यात चित्र प्रोसेसर कॉम्प्रेस करून पाठवतो, एक्सेलला ठीक, गेमला नको.

पुढचं काम, डबडं उभं करायचंय, स्टँड फिरत नाही. कोणाकडे १०० बाय १०० चा (मागच्या स्क्रूंमधलं अंतर, मिमीत) सिंगल मॉनिटर आर्म पडून असेल तर सांगा, कोथरूड वारज्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.