तुरीवरची कात

१८ सप्टेंबर

आज तीन दिवसांनी उघाड पडली. सकाळी वावराची फेरी मारताना धुऱ्याजवळच्या तुरीवर एक नाकतोडा उलटा लटकून कात टाकताना दिसला, आणि पऱ्हाटी पाहायची सोडून मी तिथेच बसून राहिलो. बाहेर आलेला जीव फिकट, पंख चुरगळलेले. हलकेच बोट टेकवले तर पाठ ओल्या चामड्यासारखी दबली. या वेळी तो हवा गिळून अंग फुगवतो, कारण जे ताणायचे ते आवरण टणक होण्याआधीच ताणून घ्यावे लागते.

मऊ काय आणि टणक काय, मूळ द्रव्ये तीच : कायटिन या साखरेच्या साखळ्यांपासून बनलेल्या चिवट द्रव्याचे धागे आणि त्यांभोवतीची प्रथिने. सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचे हे धागे एका थरात समांतर असतात, पण पुढचा थर किंचित वळवून बसवलेला असतो, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखा. त्यामुळे चीर गेलीच तर तिला सरळ वाट मिळत नाही आणि वळता वळता तिचा जोर संपतो. पुढच्या काही तासांत क्विनोन नावाची रसायने तयार होऊन प्रथिनांना एकमेकांशी जखडतात, पाणी कमी होते आणि आवरण गडद व कडक बनते. चिरलेले वांगे काळे पडते तेही याच जातीच्या प्रक्रियेने. आपण ते टाळण्यासाठी फोडी पाण्यात टाकतो. किड्याचे सारे त्यावरच अवलंबून.

काडीला राहिलेली कात तळहातावर घेतली तर वजनच लागेना. जुन्या आवरणाचा आतला भाग विरघळवून किडा आधीच शोषून घेतो आणि वरचे टरफल तेवढे टाकतो. काटकसर असावी तर अशी.

गेल्या वर्षी मी कृषी केंद्रवाल्याशी भांडलो होतो, कारण नोव्हाल्युरॉन फवारून दुसऱ्या दिवशीही अळ्या खुशाल हिंडत होत्या. ते औषध कायटिन तयार होण्यातच अडथळा आणते, म्हणून अळी मरते ती बहुधा पुढची कात टाकताना, हे त्याने सांगितले नव्हते. आणि डब्यासोबतचा कागद मीही वाचला नव्हता.

१९ सप्टेंबर

त्याच तुरीवर नाकतोडा होता, बहुधा कालचाच, आता गर्द हिरवा. याच्या मागच्या गुडघ्यात टणक आवरण आणि रबरासारखे रेझिलिन हे प्रथिन एकत्र असते; ते धनुष्यासारखे वाकवून उडीचा जोर साठवला जातो. धरायला गेलो तर नडगीच्या काट्यांनी बोट ओरखडले आणि तो पिकाच्या तीन ओळी ओलांडून पऱ्हाटीत शिरला.