फरशीची रेघ: दहावा आठवडा

नोव्हेंबरात राजगडाच्या चोरदरवाज्याने गुंजवण्याकडे उतरताना माझा डावा घोटा मुरगळला. घसाऱ्यावर नाही, चांगल्या मळलेल्या वाटेवर. मागे राहिलेल्या पोरांना हाक मारायला चालता चालता मान वळवली आणि पाय वाकडा पडला. सूज उतरल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी एका पायावर उभं केलं. उजव्यावर १९ सेकंद, डाव्यावर ६. वय ५४, तीस वर्षं डोंगरात. मांड्या-पोटऱ्या दणकट आहेत म्हणजे तोलही असणार, असं मी धरून चाललो होतो.

तेव्हापासून रोज सकाळी अनवाणी, पॅसेजमधल्या दोन फुटी फरशांच्या सांध्यावरून चालतोय. सहा फरशा, टाचेला चवडा लावत चौदा पावलं. एक हात भिंतीला लागेल इतक्या अंतरावर. पहिल्या दिवशी पाच वेळा रेघेवरून पाय सुटला. पहिला आठवडा नजर पायांवरच होती, आणि तीच चूक होती. समोरच्या स्विचबोर्डवर नजर लावली आणि दोन दिवसांत सुटणं पाचावरून एकावर आलं.

तिसऱ्या आठवड्यात मान वळवून चालायला घेतलं: तीन पावलं डावीकडे बघत, तीन उजवीकडे. इथे मात्र सगळं ढासळलं. सरळ चालीत एकदाही न चुकणारा मी पुन्हा पहिल्या दिवसावर आलो. कारण समजल्यावर राजगडची ती वाटही समजली. तोल सांभाळायला शरीराकडे तीन खबरी असतात: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळवे-घोट्यांतून येणारी जाणीव. मान फिरली की पहिल्या दोघांची खबर एकदम बदलते, आणि भार येतो घोट्यावर. माझा डावा घोटा पूर्वीही दोनदा मुरगळलाय, त्यामुळे त्याची खबर उशिरा पोचत असणार. पहाटे टॉर्चच्या उजेडात उतरताना पाय का चाचपडतात, तेही यातच आलं. तिथे डोळ्यांचं अर्धं काम बंद असतं.

म्हणून चौथा ते सातवा आठवडा मी फक्त मानेवर काढला. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते उतारासाठी सगळ्यांत कामाचं हेच. घाई केली की फायदा जातो. एक पाऊल पूर्ण टेकलं, वजन त्यावर आलं, मगच मागची टाच उचलायची. हे जमत असताना घोट्याच्या बाहेरच्या बाजूची शीर बारीक थरथरते, बोट लावलं तर कळतं. आता ती थरथर निम्म्यावर आलीय. (मान वळवताना गरगरलं तर मात्र थांबा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.)

आठव्या आठवड्यात दोन गोष्टी वाढवल्या: गुडघा कमरेपर्यंत उचलून तीन सेकंद थांबत चालणं, आणि त्याच रेघेवर उलटं चालणं. उलटं अजून कच्चं आहे.

याच सुमारास आई सामील झाली. ती ७९ वर्षांची. ओट्याला धरून एका पायापुढे दुसरा लावायचा आणि हात हळूच सोडायचा, एवढंच. "मला काही गड चढायचा नाही रे बाळा, रात्री न धडपडता मोरीपर्यंत गेले की झालं," म्हणाली. पहिल्यांदा ४ सेकंद टिकली, परवा ११. वयस्कांच्या तोलाची पारख करताना याच स्थितीत १० सेकंद टिकतात का ते बघतात, म्हणून तो आकडा ओलांडल्याचा आनंद मला माझ्या आकड्यांपेक्षा जास्त झाला. मी शेजारी उभा असल्याशिवाय ती करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

एका पायावर उभं राहायचे माझे आजचे आकडे: उजवा ४१ सेकंद, डावा २४. फरक अजून आहेच.

रविवारी सिंहगडावरून आतकरवाडीला उतरलो. मुरमाच्या पट्ट्यावर डावा पाय दोनदा घसरला, दोन्ही वेळा शरीर आपोआप सावरलं, काठी टेकावी लागली नाही. मधल्या एका वळणावर मागून कुणीतरी हाक मारली. आधी थांबलो, दोन्ही पाय रोवले, मग मान वळवली. चालता चालता वळायची हिंमत अजून केलेली नाही. उद्यापासून पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन मानेचे तेच फेरे, पुन्हा पहिल्या फरशीपासून.