तुम्ही विचारलंत म्हणून : तारखेला कोण जातं?

पुण्यातल्या वस्त्यांमध्ये टोळीच्या नादी लागलेल्या अल्पवयीन पोरांवर बोलणं निघालं की एक प्रश्न ठरलेला असतो. "ज्या पोरानं रात्री गल्लीतल्या गाड्या फोडल्या, कोयता घेऊन माणसांच्या अंगावर धावला, त्याच्यावर आम्ही माया करायची? आणि करायची म्हणजे नेमकं काय करायचं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देते. दुसऱ्याचं सविस्तर देते, कारण माणसं अडतात ती तिथेच.

माया म्हणजे माफी नव्हे. कोयत्याचा वार अडवायला माणूस हात पुढे करतो, म्हणून जखम बहुतेक वेळा हातावर होते. बोटं हलवणाऱ्या कंडरा तुटल्या तर टाके निघाल्यावरही बोटं पुरती मिटत नाहीत. ज्याची रिक्षा फोडली, त्याचा काच बसेपर्यंतचा धंदा बुडतो. या माणसांकडे आधी जायला हवं. त्यांनी पोराला माफ करावं, त्याची भेट घ्यावी, असा आग्रह कुणी धरू नये. तो अधिकार फक्त त्यांचा.

पण सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात तो कोयता आला कसा, हे विचारायचं राहून जातं. "तू अठराच्या आतला आहेस, तुला काय होत नाय," हे वाक्य त्याला कुणीतरी मोठ्यानं शिकवलेलं असतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ नुसार, मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड होऊ शकतो. तक्रार देताना हे कलम आवर्जून मागा. आपला राग तिकडे जायला हवा.

आता करायचं काय. टोळीची पकड कशानं बसते ते आधी बघा. वर्चस्व, खुन्नस, इन्स्टाचे रील हे सगळं असतं, पण गाठ पक्की होते ती उपकारानं. पोरगं पकडलं जातं. आई धुण्याभांड्याला गेलेली असते, तिला कुठलं पोलीस स्टेशन हेही ठाऊक नसतं. संध्याकाळी भाईचा माणूस येतो, वकील घेऊन. "मावशी, पैशाचं नंतर बघू." जामीनदारही तोच उभा करतो. पोरगं घरी येतं ते कर्ज घेऊनच, आणि ते कर्ज पैशात फेडायचं नसतं.

म्हणून पहिले चोवीस तास महत्त्वाचे. मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांची प्रकरणं चालतात तिथे, उभं करावं लागतं. आईवडिलांना कळवणं ही पोलिसांची जबाबदारी असते. तुम्ही स्टेशनला गेलात तर बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारा. आवाज चढवू नका, तिथल्या भांडणाची किंमत पोरगं मोजतं. सोबत वयाचा पुरावा न्या. आधार कार्डावर विसंबू नका. कायद्यात पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला आहे, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्याला, आणि यांतलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. मोजलं जातं ते गुन्ह्याच्या दिवशीचं वय. शाळा सोडलेल्या पोराचा दाखला बहुतेक वेळा शाळेतच पडून असतो; तो आधीच काढून आईच्या पेटीत ठेवायला सांगा.

वकील फुकट मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. मुलांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. भाईच्या वकिलाच्या आधी हा वकील उभा राहिला, तर पहिली गाठ बसतच नाही. माझ्या मते सगळ्या समुपदेशनापेक्षा या एका अर्जानं जास्त काम होतं.

जामिनाचं असं आहे की मुलाला जामीन देणं हा नियम आहे, नाकारणं हा अपवाद. पण सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं मंडळाला वाटलं तर जामीन नाकारता येतो, आणि टोळीतल्या पोरांचा जामीन अडतो तो याच मुद्द्यावर. म्हणून नुसतं "सोडा हो साहेब" म्हणू नका. एका कागदावर लिहून न्या: तो राहील कुठे, त्याच्यावर लक्ष कोण ठेवील, दिवसभर काय करील, आठवड्यातून कुणाला भेटेल. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, मंडळासाठी मुलाच्या घरची चौकशी करणारे) पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल देतात. त्यांना घर दाखवा, शाळेतल्या बाईंचा नंबर द्या, बापाचं व्यसन लपवू नका. खोटा गोड अहवाल पुढच्या तारखेला उघडा पडतो.

तारखेला मात्र जायचंच. दर तारखेला, दिवसाची मजुरी बुडवून. आईला जमत नसेल तर मामा, आत्या, शेजारची काकू, कुणीतरी. बाकावर बसून राहायचं, चहा पाजायचा, भाषण द्यायचं नाही. पोरगं दारातून आत येताना पहिल्यांदा कुणाला शोधतं ते बघा, मग हे का सांगते ते कळेल.

सुटल्यानंतरचे पहिले तीन महिने सगळ्यांत निसरडे असतात. लोक पोराला मामाच्या गावी धाडतात. गावात काम ठरलेलं असेल तर ते चांगलंच, नाहीतर गणपतीला पोरगं परत येतं आणि थेट गणेश मंडळाच्या मांडवात जुन्या पोरांमध्ये उभं राहतं. संध्याकाळी सात ते रात्री अकरा ही वेळ भरायची असते. सकाळचा वर्ग लावून उपयोग नाही, सकाळी ही पोरं झोपलेली असतात. गॅरेज, फॅब्रिकेशन, केटरिंग, काहीही चालेल, पण पैसे रोजच्या रोज किंवा आठवड्याला हातात पडायला हवेत. महिनाअखेरपर्यंत थांबायची सवय अजून नसते. शिक्षण सुटलं असेल तर दहावीला बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो. त्याची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, म्हणून पावसाळ्यातच चौकशी करा. लॉस एंजेलिसला १९८८ पासून टोळीतल्या मुलांसोबत काम करणारी होमबॉय इंडस्ट्रीज ही संस्था दीड वर्षाचं प्रशिक्षण देते, तेही पगारी. आपल्याकडे तीन दिवसांचं शिबिर घेऊन, फोटो काढून, पोरं सुधारली असं जाहीर होतं.

फोटोवरून आठवलं. अशा मुलाचं नाव, चेहरा, शाळा, पत्ता छापणं किंवा पसरवणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, मग ती सोसायटीच्या ग्रुपवरची क्लिप असली तरी. पोराची बदनामी जितकी फिरते तितका त्याचा टोळीतला भाव वाढतो, आणि तो भाव सांभाळायला त्याला पुढचा राडा करावा लागतो.

फोन हिसकावून फोडू नका. ग्रुपमधून एका झटक्यात बाहेर पडायला लावू नका, तो टोळीला अपमान वाटतो आणि त्याचा हिशोब चौकात होतो. आधी म्यूट, मग उत्तरं कमी, मग काम आहे, शिफ्ट आहे, अशी कारणं. निघायचं ते हळूहळू, आवाज न करता.

नावं विचारू नका. कुणी कुणाला मारलं, हत्यार कुठंय, कुणाचा मॅटर चालू आहे, यातलं काही नको. तुम्हाला माहिती मिळाली की तो खबऱ्या ठरतो, आणि खबऱ्याचं काय होतं ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: "कुणाचा जीव जाणार आहे असं मला कळलं तर मी गप्प बसणार नाही." हे आधी सांगितलं तर तो पेलतो. नंतर केलंत तर तो विश्वासघात होतो.

पोरगं स्वतः वार खाऊन दवाखान्यात पडलं, तर त्या रात्री उशाशी कोण बसतं याला फार महत्त्व आहे. बदल्याचं ठरतं ते तिथेच, खाटेभोवती. घरच्या एखाद्या मोठ्या माणसानं पहाटेपर्यंत हलू नये.

तो पुन्हा चुकेल. हजेरी बुडवेल, काम सोडेल, खोटं बोलेल. तेव्हा आधी काय मोडलं ते शोधा. बऱ्याचदा उत्तर अगदी साधं निघतं: कामाच्या वाटेवर समोरच्या टोळीची हद्द लागते आणि पीएमपीचा दुसरा रूट दोन बसचा आहे. बाल न्याय मंडळानं दोषी ठरवलं तरी त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार तो डाग पुढे नोकरीला आड येत नाही. सोळा ते अठराच्या ज्या मुलाचा खटला मंडळाऐवजी बाल न्यायालयात प्रौढासारखा चालला, त्याला हे संरक्षण नाही. एवढा फरक त्याला सरळ शब्दांत सांगा, धमकी म्हणून नको.

आणि त्याचा अठरावा वाढदिवस वहीत लिहून ठेवा. त्या तारखेनंतरच्या गुन्ह्याला मंडळ नाही, मोठ्यांचा तुरुंग आहे, तडीपारी आहे, मोक्का म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा आहे. भाईलाही ती तारीख पाठ असते. रात्री बारा वाजता चौकात केक येतो, कोयत्यानं कापायचा असतो, व्हिडिओ निघतो. त्या रात्री पोरगं कुणाच्या घरी जेवणार आणि कुठे झोपणार, हे निदान आठवडाभर आधी त्याच्याशी बोलून ठरवा.