ओहमचा आकडा उतरला की समजायचं, लागतंय

नाडी एकदम १८०च्या पुढे जायची आणि काही वेळाने आपोआप ताळ्यावर यायची. ईसीजीत पीएसव्हीटी, म्हणजे अचानक सुरू होणारी आणि अचानक थांबणारी हृदयाची जलद धडधड, निघाली. गोळ्यांनी भागेना, म्हणून डॉक्टरांनी ईपी स्टडी (हृदयातल्या विजेच्या वाटांची तपासणी) आणि आरएफ अ‍ॅब्लेशन (धडधडीला कारण असलेली जागा करंटच्या उष्णतेने निकामी करणं) सुचवलं.

पाठीला मोठं चिकट पॅड लावलं, जांघेत भूल दिली आणि शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळ्या, हृदयात नेले. मी पूर्ण जागी होते. हृदयात करंट सोडणार म्हणजे शॉक बसणार, ही भीती डॉक्टरांनी आधीच घालवली होती. घरातली वीज ५० हर्ट्झची, ही ५०० किलोहर्ट्झच्या आसपासची. इतक्या वेगाला स्नायू दाद देत नाहीत, ऊती फक्त तापते.

करंट सुरू झाला की टेक्निशियन आकडे मोठ्याने सांगायचा: वॅट, अंश, ओहम (विजेला होणाऱ्या रोधाचं माप). ओहम हळूहळू उतरत होते. "मॅडम, उतरतोय ना आकडा, म्हणजे लागतंय," तो म्हणाला.

मी बारावीला फिजिक्स शिकवते. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. शरीरात मात्र वीज वाहते ती खारट पाण्यातल्या आयनांमधून. पाणी तापलं की त्याचा चिकटपणा कमी होतो, आयन मोकळे धावतात आणि वाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते, म्हणजे रोध उतरतो. तरीही शंभरेक ओहममधले पाच-दहाच उतरतात, कारण तापतो तो टोकाजवळचा काही मिलिमीटरचा भाग. पुढे करंट ज्यातून पाठीच्या पॅडपर्यंत जातो ते सगळं शरीर ३७ अंशांवरच असतं.

मग तापमापक असताना ओहम कशाला बघायचे? तापमापक कॅथेटरच्या टोकात असतो आणि वाहतं रक्त त्या टोकाला सतत गार करतं. आतली ऊती त्याहून गरम असू शकते. ५० अंशांच्या पुढे पेशी कायमच्या निकामी होतात, तेच हवं असतं. पण १०० अंशांशी पाणी उकळतं, टोकावर रक्त साकळून थर बसतो. वाफेतून आणि त्या थरातून वीज नीट जात नाही, ओहम एकदम उसळतात आणि मशीन करंट तोडतं. हे कळल्यावर मला खूप धीर आला.

करंट चालू असताना खोल श्वास घेऊ नका, खोकू नका, असं बजावतात. ते मनापासून पाळा. टोक जरा सरकलं तरी उष्णता भलतीकडे जाते, आणि हृदयाचे ठोके पुढे नेणारी मुख्य गाठ तिथून अगदी जवळ असते.

शेवटी औषध देऊन धडधड मुद्दाम सुरू करून पाहिली. झाली नाही. मग काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, एवढंच उरलं.