प्रश्न विचारल्यावरचे तीन सेकंद

सोमवार, रात्रीचे साडेअकरा

आज तिसऱ्या तासाला माझा आवाज बंद पडला. आठवी ब, ५८ मुलं, आम्ल आणि आम्लारीचा पहिला पाठ. शुक्रवारपासून घसा खवखवत होता, तरी रेटत होते. 'आम्लांची चव' इथपर्यंत आले आणि पुढे तोंडातून शब्दाऐवजी नुसती हवा. पहिल्या बाकावरच्या मुलाने कुणी न सांगता उठून आपली पाण्याची बाटली टेबलावर आणून ठेवली. ते बघून मला भरून आलं. मुलांसमोर डोळ्यांत पाणी नको म्हणून फळ्याकडे वळले आणि घंटा होईपर्यंत नुसती लिहीत राहिले.

निरीक्षणाला आमच्या बी.एड. कॉलेजच्या मेथडच्या, म्हणजे विषय कसा शिकवायचा ते शिकवणाऱ्या, मॅडम मागे बसल्या होत्या. माझ्या वहीत त्यांनी दोन ओळी लिहिल्या : 'आशयाची तयारी चांगली. मुलांना बोलायला वाव नाही.' मागच्या आठवड्यातही हाच शेरा होता. तेव्हा मला राग आला होता. रात्री दीडपर्यंत जागून तक्ता रंगवायचा, प्रत्येक प्रश्न टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, आधी लिहून ठेवायचा, आणि वर हे ऐकायचं?

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन शिकवायचा सराव, १६ आठवड्यांची असते. आमचा सहावा आठवडा चालू आहे. रोजचे दोन पाठ, त्यांची टाचणं आदल्या दिवशी तपासून घ्यायची, कुणी शिक्षक रजेवर असले की ऑफ तासाला जायचं, कृतिसंशोधनाच्या, म्हणजे वर्गातल्याच एखाद्या अडचणीवरच्या छोट्या अभ्यासाच्या, नोंदी ठेवायच्या. रात्री जेवण झालं की टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास : १५० मिनिटांत १५० प्रश्न, खुल्या गटाला ९० गुण लागतात. आज बाबांचा फोन आला. ते प्रेमानेच विचारतात, "मग नोकरी कधी गं?" शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, मग तीन वर्षं ठरावीक मानधनावर शिक्षणसेवक. सहावी ते आठवीला लागले तर महिना १६,००० रुपये, नववी-दहावीला लागले तर १८,०००. हे सगळं त्यांना सांगायला आज आवाजच नव्हता. "घसा बसलाय, उद्या बोलते," एवढं मेसेजवर लिहिलं आणि सुटल्यासारखं वाटलं. बाबांशी बोलावं लागलं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटावं, याचंच जास्त वाईट वाटतंय.

बुधवार

डॉक्टरांनी चार दिवस मौन सांगितलंय. कुजबुजायचंही नाही, त्यानेही घशावर ताण येतो म्हणाले. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, वाफ आणि झोप. "झोपता किती?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी बोटांनी चार दाखवले. त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं.

पाठ पुढे ढकलून मिळाले. मग दोन दिवस आठवी ब च्या शेवटच्या बाकावर बसून शाळेतल्या मराठीच्या मॅडमचे तास बघितले. त्यांची २० वर्षांहून जास्त नोकरी झालीय. आवाज इतका हळू की पहिल्यांदा वाटलं, मागे काही ऐकूच येणार नाही. पण सगळं ऐकू येतं, कारण वर्ग गप्प असतो. त्यांनी कवितेवर एक प्रश्न विचारला आणि थांबल्या. कुणी बोलेना. मी इकडे कासावीस झाले, वाटलं आता तरी त्या उत्तर सांगून टाकतील. त्यांनी सावकाश खिडकीचं दार लावलं आणि परत येऊन तशाच उभ्या राहिल्या. मग मागून एक हात वर आला, आणि त्याच्यामागे आणखी तीन.

हे मी कधीच केलेलं नाही. संध्याकाळी माझी टाचणं काढून बसले. प्रत्येक पाठात १२-१३ प्रश्न, आणि प्रत्येकाखाली अपेक्षित उत्तर. वर्गात ती उत्तरं कोण देतं, तर मीच देते. प्रश्न संपायच्या आत 'बरोबर, म्हणजेच...' म्हणून पुढे जाते. शांतता झाली की मला वाटतं पाठ फसला, मॅडम शेरा लिहितायत, मुलं हसणार. ती भीती बुजवायला मी बोलत सुटते आणि मागे पोचावं म्हणून ओरडत राहते. माझा घसा पोरांच्या गोंगाटाने बसला असं मी सगळ्यांना सांगत होते, ते खरं नाही. पोरं गप्पच होती.

याचा संबंध पहिल्या वर्षाच्या सूक्ष्म अध्यापनाशी आहे, असं मला आता वाटतं. सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), बारा मिनिटांत पुन्हा नियोजन, मग पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि सहा मिनिटं प्रत्याभरण. असं ३६ मिनिटांचं चक्र. त्यातून मी खूप शिकले, ते नाकारणार नाही. पण तिथे समोर विद्यार्थी म्हणून बसायचो आम्हीच. मैत्रिणीचा पाठ चांगला व्हावा म्हणून प्रश्न आला रे आला की उत्तर द्यायचो. प्रश्न कौशल्याचे सगळे घटक आम्ही घोटले, पण उत्तर न आल्यावर उभं कसं राहायचं, हे कुणालाच करून बघायला मिळालं नाही.

नोट्समध्ये मेरी बड रो या शिक्षणसंशोधकांबद्दल अर्धं पान आहे, परीक्षेपुरतं वाचलेलं. अमेरिकेत १९७० च्या दशकात त्यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबत होते. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागली. पहिल्या वर्षी त्यावर मला पाच गुणांचा प्रश्न आला होता आणि मी तो पूर्ण लिहिला होता.

शनिवार, सकाळची शाळा

आवाज आलाय, पण अर्धाच. मेथडच्या मॅडमना विचारून पाठ घेतला. विषय दर्शक, म्हणजे आम्ल की आम्लारी ते रंगावरून दाखवणारे पदार्थ. तक्ता केला नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून हळद घेतली, पाण्यात कालवून गाळण कागद त्यात बुडवून वाळवले आणि पट्ट्या कापल्या, दोघांत एक अशा. सांगलीच्या पोरांना हळद काय, बाजार घराशेजारी.

लिंबाचा रस लावला, पट्टी पिवळीच. साबणाचं पाणी लावलं, पट्टी लालसर तपकिरी. "मॅडम, शर्टावर भाजी सांडली की आई धुताना अस्संच होतं!" हे मी टाचणात लिहिलं होतं आणि ते आलंही. मग विचारलं, "हळदीत चुना कालवला तर?"

शांतता. मी मनात मोजायला लागले. एक. पंखा करकरत होता. दोन. टेबलाच्या कडेवर ठेवलेला माझा हात थरथरत होता, तो तसाच राहू दिला. तीन. आणि मोजता मोजता लक्षात आलं की सकाळपासून अडकलेला श्वास आपोआप बाहेर पडला आहे. चारपर्यंत गेले असेन, तेव्हा खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "कुंकू."

ही मुलगी सहा आठवड्यांत एकदाही बोलली नव्हती. हजेरीलाही नुसता हात वर करते.

मी म्हटलं, "सांग ना." ती उभी राहिली. "माझी पणजी घरी करायची म्हणे. हळद आणि चुना. आजी सांगते. विकतचं नव्हतं तेव्हा." मग वर्गात एकच गलका. कुणाच्या घरी लिंबूही घालत होते, कुणाच्या घरी पापडखार. मला हे माहीत नव्हतं. म्हणजे हळद-चुन्याचं कुंकू ऐकून होते, पण ते माझ्या पाठात बसतं हे सुचलं नव्हतं. लिंबू आंबट, मग रंग परत पिवळा का होत नसेल, असं एकाने विचारलं. मी खरं सांगितलं, "मला आत्ता नक्की सांगता येणार नाही, सोमवारपर्यंत शोधूया, तुम्ही आजीला विचारून या." निरीक्षणाच्या पाठात असं म्हणायची माझी पहिलीच वेळ. मॅडमनी आज काय शेरा लिहिला ते मी अजून बघितलेलं नाही.

रविवार संध्याकाळ

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, रकमांसकट. ते थोडा वेळ बोललेच नाहीत आणि मीही मध्ये काही घातलं नाही. मग म्हणाले, "तीन वर्षं काढू की. तू नीट झोपत जा."

नंतर मैत्रीण आणि मी आयर्विन पुलावर चालून आलो. कृष्णेला पाणी बरंच होतं. आमच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर परत आलीच नाही, तिचा विषय निघाला. जायच्या आदल्या आठवड्यात ती मेसमध्ये ताट तसंच ठेवून उठायची. मी एकदा विचारलं होतं, "बरी आहेस ना?" आणि ती 'हो' म्हणायच्या आतच हात धुवायला गेले होते. आज हे आठवलं आणि फार लागलं. परत आल्यावर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर आम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मराठीत बोलता येतं, कुठल्याही वेळी, पैसे लागत नाहीत. आणि तिला मेसेज केला. उत्तर येईल तेव्हा येईल.

आता मैत्रिणीचा उद्याचा पाठ ऐकायला बसलेय. इतिहासाचा आहे. तिने प्रश्न विचारला. उत्तर मला येतंय, पण मी मुद्दाम तोंड मिटून बसलेय. ती ओठ उघडते, मिटते, हातातल्या खडूशी चाळा करते. मी काहीच बोलत नाही. ती माझ्याकडे बघत थांबली आहे.