पानओवा पावसाळ्यातून पार नेताना

पानओवा लावणं हा काही पराक्रम नाही. कुणाकडून तरी फांदी आणायची, मातीत खोचायची, ती जगते. मुंबईत खरी कसोटी जुलै-ऑगस्टची. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि या झाडाचं खोड, पानं सगळंच रसाळ. मुळाशी पाणी साचलं की खोड बुडाशी काळं पडतं, लिबलिबीत होतं आणि बघता बघता झाड बसतं.

शेजारच्या काकूंनी एप्रिलात फांद्या दिल्या तेव्हाच बजावलं, "तुळशीसारखी रोज तांब्याभर पाणी घालत बसू नकोस हं." वीतभर फांद्यांची खालची पानं काढून त्या काही तास सावलीत ठेवल्या, कापलेली बाजू सुकू दिली आणि मग लावल्या. नर्सरीतली नुसती लाल माती आपल्या हवेत घट्ट बसते, म्हणून तिच्यात जाड रेती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलं, वर मूठभर गांडूळखत. वरची इंचभर माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. शेंडे खुडत गेलं की झाड नुसतं लांबत नाही, भरतं.

जूनच्या पहिल्या सरींनंतर कुंडी ग्रिलच्या कडेवरून आत, छज्जाखाली घेतली. खालची ताटलीही काढली. साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास अंडी घालतात आणि पालिकेची माणसं ते तपासायला घरोघर येतात. पण ताटली काढली की पाणी थेट खालच्या मजल्यावरच्या वाळत्या कपड्यांवर! सोसायटीत यावरून झालेली भांडणं ऐकून आहे, त्यामुळे पावसाळाभर कुंडी उचलून मोरीत न्यायची, पाणी घालायचं, निथळली की परत जागेवर. शिवाय दोन फांद्या ओट्यावर पाण्याच्या ग्लासात. मुळं त्यातही फुटतात. कुंडीतलं गेलंच, तर वाण राहावं.

मसाल्यातला ओवा धणे-जिऱ्याच्या कुळातला, हा तुळस-पुदिन्याच्या. पानांचा उग्र वास मुख्यतः कार्व्हाक्रोल या द्रव्याचा. खोकल्याला पान तव्यावर शेकून रस काढायचा आणि मधातून चाटायचा, हा आमच्याकडचा घरगुती उपाय. घशाला बरं वाटतं, एवढंच मी म्हणेन. ताप असेल तर सरळ डॉक्टर. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नको.

खरं सांगायचं तर आमच्या घरी झाड टिकलं ते भज्यांसाठी. बेसनात चमचाभर तांदळाचं पीठ, तिखट, हिंग, मीठ. ओवा घालायचा नाही, पानाची चव मारली जाते. कोवळी पानं फार पातळ, मधली जाडसर घ्यावीत. धुऊन फडक्यावर अगदी कोरडी करा, नाहीतर पीठ धरत नाही आणि तेल अंगावर उडतं.